माशांची बेसुमार पैदास : काचेच्या टाकीत आणि शेततळ्यात

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कृषिविद्या शिकवतो. दादरची पेरणी कधी करावी, कपाशीत कोणते आंतरपीक घ्यावे, असे प्रश्न घेऊन आपण माझ्याकडे येता. मासे हा माझा विषय नव्हे. तरीही आज माशांवर बोलायचे ठरवले आहे. कारण गेल्या काही वर्षांत जळगाव-धुळे जिल्ह्यांत शेततळी पुष्कळ झाली. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्यानंतर तर गावोगाव प्लास्टिक अस्तराची तळी दिसू लागली. तळे झाले की पुढच्या वर्षी मासे सोडायचे मनात येतेच. आणि मासे सोडताना जी चूक होते, ती मी स्वतः दोनदा केली आहे. एकदा घरच्या काचेच्या टाकीत आणि एकदा एका शेतकऱ्याच्या तळ्यात, म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने.

घरची गोष्ट आधी सांगतो. मुलीच्या हट्टापायी आम्ही धुळ्याच्या घरात दोन फुटी काचेची टाकी आणली. पन्नासएक लिटर पाण्याची. तीत गप्पीचे दोन नर, चार माद्या, मोलीची एक जोडी आणि दोन गोल्डफिश सोडले. एकूण दहा मासे. महिन्याभरात गवताच्या आड टाचणीच्या डोक्याएवढे डोळे दिसू लागले. पिले! घरात आनंदीआनंद झाला. शेजारची मुले पाहायला आली. दिवाळीत सोडलेल्या दहा माशांचे होळीपर्यंत किती झाले ते मोजता येईना. आम्ही खाद्य वाढवले. मे महिन्यात एका रात्री वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला. सकाळी पाहतो तो सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते आणि दोन्ही गोल्डफिश मरून पडले होते. दहा मासे असते तर त्या पाण्यातली हवा रात्रभर सहज पुरली असती. शंभरांना पुरली नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट यावल तालुक्यातील एका केळी बागायतदाराची. तीस बाय तीस मीटरचे तळे, आत अस्तर, पाणी बारमाही. त्यांनी विचारले, "साहेब, कोणते मासे सोडू?" मी पुस्तकी उत्तर दिले, रोहू, कटला, मृगळ. आणि वर एक शहाणपण जोडले, "चिलापीची शे-दीडशे पिले टाका. कुठेही मिळतात, काहीही खातात, मरत नाहीत." वर्षाने जाळे ओढले. ज्या रोहू-कटल्याची किलोभराची अपेक्षा होती तो पावशेर-दीड पावशेर भरला. चिलापी मात्र बोट-दोन बोटांची, आणि इतकी की जाळे उचलेना. व्यापाऱ्याने एक पाटी हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. ते गृहस्थ मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, खाद्य कमी पडलं का हो?" आणि मी म्हणालो, "हो, वाढवा."

ही माझी दुसरी चूक. खाद्य कमी पडले नव्हते, तोंडे जास्त झाली होती. आणि हे मला, दादरची विरळणी शिकवणाऱ्या माणसाला, कळायला हवे होते.

आपण दादर ४५ बाय १५ सेंटिमीटरवर ठेवतो. हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटे होतात. पेरताना दाट पडते, म्हणून दहा-बारा दिवसांनी विरळणी करतो. कोणी विरळणी केली नाही आणि खताची एक मात्रा जास्त दिली, तर कणसे भरतात का? नाही. कडबा होतो. केळीचेही तसेच. बुंध्याशी येणारी पिले आपण दर पंधरा-वीस दिवसांनी विळ्याने कापतो. ती ठेवली तर आईच्या घडाचे वजन जाते, हे जळगावच्या बागायतदाराला कोणी सांगायला नको. तळ्याचेही एक ठरावीक बळ असते. समजा, एखादे तळे २०० किलो मासे पोसू शकते. ते २०० किलो अर्ध्या किलोच्या ४०० माशांत भरायचे की ५० ग्रॅमच्या ४,००० माशांत, हे आपण किती तोंडे ठेवतो त्यावर ठरते. वजन तेच, पण पहिल्याला भाव आहे, दुसऱ्याला गिऱ्हाईक नाही.

आता प्रश्न असा की रोहू-कटल्याने असा त्रास का दिला नाही? इथे माशांच्या दोन जाती, खरे तर दोन स्वभाव, नीट समजून घेतले पाहिजेत.

रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले, पूर चढला, की ते अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात कितीही वर्षे ठेवा, पोटात अंडी होतील, पण घालणार नाहीत. म्हणूनच पूर्वी त्यांचे बी नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावले, तेव्हा मत्स्यबीज केंद्रे शक्य झाली. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की या तीन जातींची तळ्यातली संख्या आपल्या हातात राहते. पाचशे बोटुकली सोडली तर पाचशेच्या खालीच राहतील, वर जाणार नाहीत.

सायप्रिनस मधला आहे. तो साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो, उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि पावसाळ्यात एकदा. पण त्याची अंडी चिकट असतात आणि पाणवनस्पतींना चिकटतात. त्या वनस्पती काढून बांधावर वाळत घातल्या की काम झाले.

चिलापी, म्हणजे तिलापिया, हे वेगळेच प्रकरण आहे. मूळ आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला. कोणत्याही पाण्यात जगतो, लवकर वाढतो, गरिबाला स्वस्त मासा मिळेल असा हेतू होता. सात वर्षांत, १९५९ मध्ये, त्याच्या प्रसारावर बंदी घालण्याची वेळ आली. तोवर तो सुटला होता. आज भिगवण-इंदापूरकडे उजनीच्या काठी गेलात तर बाजारात चिलापीच चिलापी दिसते. राजस्थानात जयसमंद तलावात तो शिरल्यावर रोहू-कटल्यासारख्या मोठ्या माशांचे सरासरी वजन घटले.

याची मादी अंडी तोंडात धरते. नर तळाशी थाळीसारखा खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिले बाहेर पडल्यावरही काही दिवस, धोका दिसला की ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. त्यामुळे एरवी बहुतेक माशांची लाखो अंडी वाया जातात तसे इथे होत नाही. मादी एका वेळी शंभर ते तीन-चारशेच अंडी घालते, पण जगतात पुष्कळ. पाणी उबदार असेल तर महिना-दीड महिन्याने पुन्हा घालते. पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः आई-बाप होतात. आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की तळ्यात गर्दी झाली की हा मासा वाढायचे सोडून आणखी लहान अंगात अंडी घालू लागतो. आपण बोटभर चिलापीला पिलू समजतो, प्रत्यक्षात ती आजी असते. आता हिशेब करा. यावलच्या तळ्यात शंभर चिलापी सोडली, त्यात पन्नास माद्या धरा, प्रत्येकीची दोनशे पिले धरा. पहिल्याच खेपेला दहा हजार. नऊ गुंठ्यांच्या त्या तळ्यात हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकलीच्या हिशेबाने रोहू-कटल्याची साडेचारशे ते नऊशेच बोटुकली बसतात.

'आमच्या तळ्याला अस्तर आहे, तळाशी माती नाही, मग खड्डा कुठे करणार?' असे कोणी विचारेल. अस्तरावर वर्ष-दोन वर्षांत गाळ बसतोच, आणि सिमेंटच्या हौदातही चिलापी बिनधास्त अंडी घालते. अस्तरावर भिस्त ठेवू नका.

मग करायचे काय?

पहिला आणि खरा उपाय म्हणजे मिश्र संवर्धनात चिलापी सोडूच नये. नाल्यातून, जुन्या तलावातून घमेल्याने आणलेले फुकटचे बी तर मुळीच नको. त्यात चिलापी नसली तरी इतर बारीक कुचकामी मासे असतात. बी मत्स्यव्यवसाय विभागाच्या किंवा विश्वासाच्या केंद्रातून घ्यावे आणि पिशवी तळ्यात ओतण्याआधी एका पांढऱ्या टोपात थोडे बी घेऊन पाहावे. तळ्यात पाणी घेताना पाइपच्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाची दुहेरी पिशवी बांधावी. नदीवरून किंवा पाटातून पाणी घेणाऱ्यांनी ही पिशवी विसरू नये. अर्धी चिलापी अशी न बोलावता येते.

ज्यांना तिलापियाच वाढवायचा आहे त्यांनी फक्त नरांचे बी घ्यावे. नर का? तर मादी अंडी तोंडात धरते तेवढे दिवस खात नाही, म्हणून तिची वाढ मागे पडते. आणि एकटे नर असले की पैदाशीचा प्रश्नच उरत नाही. 'गिफ्ट' नावाचा सुधारित तिलापिया आता आपल्या देशात विजयवाड्याजवळ माणिकोंडा येथे तयार होतो. तो मोझांबिकच्या चिलापीपेक्षा वेगळा आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याच्या संवर्धनासाठी परवानगी घ्यावी लागते, आणि फक्त नर किंवा वांझ बीच वापरायचे असते. बियाणे कंपनीच्या पिशवीवरचा शिक्का आपण तपासतो ना, तसे हे कागद तपासावेत. हाताने नर-मादी निवडायचे म्हटले तर मासा चाळीस-पन्नास ग्रॅमचा झाल्यावर पोटाखाली पाहून ओळखता येते. पण त्यात सवयीच्या माणसाचीही चूक होते, आणि दहा-वीस माद्या राहिल्या तरी सगळी मेहनत फुकट.

आता, तळ्यात आधीच झाली असेल तर? ही बहुतेकांची अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाणी थंड पडले की, म्हणजे वीस अंशांच्या खाली गेले की, चिलापी अंडी घालत नाही. आपल्याकडे, विशेषतः धुळ्याकडे, पौष-माघात थंडी कडाक्याची असते. तोच काळ विरळणीचा. डिसेंबर-जानेवारीत बारीक आसाचे जाळे दोन-तीनदा फिरवावे, मोठे रोहू-कटला परत सोडावेत आणि चिलापी लहान-मोठी सगळी काढावी. फेब्रुवारीत पाणी तापायच्या आत जितकी माद्यांची संख्या घटेल तितकी पुढची पैदास घटेल. उन्हाळ्यात मग सकाळच्या वेळी काठाने फिरावे. पिलांचे थवे उथळ, कोमट पाण्यात काठाला येतात. मच्छरदाणीच्या कापडाची झोळी करून दर दहा-पंधरा दिवसांनी ती उचलावीत. हे काम करताना एक सांगून ठेवतो. अस्तराच्या तळ्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो आणि आत पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर कायम सोडलेला असावा, आणि एकट्याने उतरू नये. माशांपायी माणूस गमावल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

मरळ हा आपला जुना, चवीचा आणि शिकारी मासा. तो चिलापीची पिले खातो. पण तो रोहूची बोटुकलीही खातो, म्हणून मरळीचे बी रोहू-कटला वीतभर झाल्यावरच सोडावे, आणि थोडे सोडावे. मरळ पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत बांध ओलांडते, तेव्हा काठाला जाळी लावावी. शिकारी मासा म्हणून कोणी आफ्रिकन मागूर आणून देतो म्हणाला तर मात्र स्पष्ट नकार द्यावा. त्यावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो नष्ट करण्याचे आदेश दिले. चिलापीचा बंदोबस्त करायला त्याला आणणे म्हणजे उंदरासाठी घरात नाग पाळणे.

तरीही आटोक्यात येत नसेल तर तळे रिकामे करून नव्याने सुरुवात करणे, हाच मार्ग. केळीला शेवटचे पाणी देऊन तळे खाली होते तेव्हा संधी असते. पण तळाशी वीतभर पाणी राहिले तरी त्यात पिले जगतात. उपसता येईल तेवढे उपसावे आणि उरलेल्या पाण्यात मोहाची पेंड टाकावी. प्रमाण घनमीटरला २५० ग्रॅम, म्हणजे ३०० घनमीटर पाणी उरले असेल तर ७५ किलो. पेंड भिजवून, पाण्यात कालवून सगळीकडे सारखी पसरावी. चोपडा-शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाला काय तोटा! पेंडीतील सॅपोनिनमुळे माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि मासे मरतात. दोन-तीन आठवड्यांत तिचा विषारीपणा जातो आणि ती खत म्हणून कामी येते. तोवर त्या पाण्यावर जनावरे नेऊ नयेत आणि नवे बी सोडू नये. फवारणीचे औषध तळ्यात ओतण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नये. तेच पाणी आपण केळीला, भाजीला आणि कधी गुरांनाही देतो.

घरच्या टाकीबद्दल थोडेसे. गप्पी, मोली, प्लेटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी न घालता थेट पिले देतात, साधारण चार आठवड्यांनी एकदा. नर ओळखणे सोपे आहे. त्याच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा निमुळता असतो, मादीचा पंख्यासारखा. पण दुकानातून फक्त माद्या आणल्या म्हणजे पिले होणार नाहीत असे समजू नका. मादी नराचे बीज महिनोन्महिने पोटात साठवून ठेवते आणि एका मीलनावर अनेक वेळा पिले देते. दुकानातली मादी आधीच गाभण असते असे धरून चालावे. म्हणून टाकीत फक्त नर ठेवावेत. दिसायलाही तेच रंगीत. नाहीतर पिले महिन्याची व्हायच्या आत नर-माद्या वेगळ्या कराव्यात, टाकीत दाट गवत ठेवू नये, आणि एंजलसारखा एखादा मासा असू द्यावा, तो आपले काम बोभाटा न करता करतो. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच. उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा कुजून अमोनिया होतो आणि गर्दीच्या टाकीत तोच मासे मारतो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे.

आणि जास्त झालेले मासे? आमच्या शेजाऱ्यांनी सुचवले होते, "पांझरेत सोडून द्या, पुण्य लागेल." मीही बादली घेऊन निघालो होतो. पण गप्पी असो की चिलापी, घरातला परदेशी मासा नदीत सोडणे म्हणजे गाजर गवताचे बी वाऱ्यावर सोडणे आहे. गिरणा, पांझरा, अनेर, वाघूर यांचे पाणी शेवटी तापीलाच जाते, आणि तापीच्या काठचे भोई बांधव ज्या देशी माशांवर जगतात त्यांची पिले आणि खाद्य हेच मासे फस्त करतात. हिवताप विभाग डासांच्या अळ्यांसाठी गप्पी देतो, ते आपल्या हौदात, टाक्यात जरूर सोडावेत. पण वाहत्या ओढ्यात नकोत. तळ्याच्या सांडव्यालाही म्हणून बारीक जाळी हवी. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की आपली चिलापी शेजाऱ्याच्या तळ्यात आणि तिथून नाल्यात जाते.

भाषण संपल्यावर मागे बसलेल्या एका माळकरी आजींनी विचारले, "लेकरा, इतकी पिलं मारायची म्हणजे पाप नाही का?" प्रश्न बरोबर आहे. मी त्यांना सांगितले, "आजी, म्हणूनच ती जन्मालाच येऊ नयेत असं पाहायचं. नर वेगळे ठेवले, बी तपासून घेतलं, तर मारायची वेळच येत नाही." काठावरून उचललेली पिले मरळीला किंवा कोंबड्यांना घालता येतात, ज्यांना तेही नको त्यांनी चिलापी तळ्यात येऊच देऊ नये. यावलच्या बागायतदारांनी गेल्या उन्हाळ्यात तळे उपसले, मोहाची पेंड घातली आणि या खेपेस फक्त रोहू, कटला, मृगळ सोडले. पाइपला पिशवी त्यांनी स्वतः बांधली. बी तपासायला मला बोलावले होते. पांढऱ्या टोपात दोन चिलापी निघाल्या, त्या त्यांनीच वेचल्या.